बैलांनी ओढत नेलेली सहा सिलिंडरची गाडी

त्या गाडीला नंबर मिळाला नाही. माझ्यामुळे मिळाला नाही, असं आमच्या दिग्रसात दोन-चार जण अजून म्हणतात. मिस्त्री स्वतः मात्र कधी म्हणाला नाही. त्याने एकदा तोंडावर शिवी हासडली असती, तर मी हे लिहायला बसलोही नसतो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि पत्रकं लिहायचो. सरकी काढणाऱ्या कापसाच्या जिनातल्या बायांच्या मजुरीवर, वजन वाढावं म्हणून रेशनच्या साखरेत मारलेल्या पाण्यावर, नगरपालिकेच्या कोरड्या नळांवर. पत्रक लिहायची रीत आम्हाला शिकवली होती: पहिल्या ओळीत हाक, दुसऱ्या ओळीत अन्याय, मग अन्याय करणाऱ्याचा हुद्दा ठळक टायपात, आणि खाली ‘प्रत माहितीसाठी वरिष्ठांकडे रवाना’. दुसरं काही मला लिहिता येत नव्हतं. हे मला माहीत नव्हतं आणि मिस्त्रीलाही माहीत नव्हतं.

मिस्त्रीचं गॅरेज बंद पडलेल्या एका जिनाच्या आवारात होतं. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. दिग्रस-पुसद बाजूची जी मोटार कोणाच्या हातून चालू होत नसे ती शेवटी बैल लावून त्याच्याकडे यायची. वेल्डिंग करताना काळा चष्मा लावायचा नाही. “चष्म्यातून सांधा दिसत नाई,” म्हणायचा. सांधे चांगले बसले. डोळे गेले. डावा पार पांढरा झाला होता, आणि उजव्यावर धूर धरल्यासारखा पडदा चढत होता. यवतमाळच्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की वर्ष, फार तर दीड वर्ष.

एका दुपारी त्याने मला आवारात बोलावलं. “काय लीडर, पत्रकं लय छापतं तू. मले एक अर्ज लिहून देशीन काय?”

“कशाचा?”

त्याने गोणपाटं ओढली. खाली गाडी होती.

अशी गाडी मी तोवर पाहिली नव्हती, नंतरही नाही. खालचा सांगाडा लढाईतल्या जीपचा. पुढे एका शेठच्या जळालेल्या मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन. ते जीपच्या तोंडात मावेना म्हणून सांगाडा मधोमध कापून, हातभर लांब करून पुन्हा जोडलेला. बॉनेट बसतच नव्हतं, तर ते लावलंच नव्हतं. इंजिन उघडं, घासूनपुसून आरशासारखं. दोन सीटा. दारं नाहीत. मशिदीच्या दरवाजाला लावून उरलेला हिरवा रंग सगळीकडे. तीन वर्षं रोज दुसऱ्यांची कामं झाली की तो हे करत होता.

त्याने ती सुरू केली. आवारातली कबुतरं सगळी उडाली. जिनाच्या आवारात त्याने तीन फेऱ्या मारल्या, वळणावर मागचं चाक मातीत घसरवत, आणि फाटकाशी आल्यावर थांबला. फाटकाच्या बाहेर रस्ता होता. तो म्हणाला, “नंबर नाई तोवर चाक रस्त्याले लागनार नाई.”

मी म्हणालो, “मिस्त्री, ही गाडी तांड्यांवरच्या आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायला वापरू. आपण लिहू, लोकांची गाडी म्हणून.”

“लोकांची बस हाये न बाप्पा. हे माही हाये.”

“पण वापर काय हिचा?”

तो चांगला डोळा माझ्याकडे वळवून म्हणाला, “तीस वर्षं झाले, लोकांच्या गाड्या दुरुस्त करून राह्यलो. दुरुस्त झाली का मी ट्रायल घेतो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मंग मालक येते अन् म्हनते, उतर. एक गाडी अशी पायजे का कोनी उतर म्हनू नये. डोळा हाये तोवर, घरवालीले बाजूले बसवून यवतमाळले नेतो अन् आनतो. बस. अजून काय वापर पायजे तुले?”

मला हे कारण फार किरकोळ वाटलं. खरं सांगायचं तर अर्ज लिहिताना मी ते गाळलं.

नोंदणीचं ऑफिस यवतमाळला. गाडी तिथं नेऊन दाखवायची, साहेब तपासणार, मग नंबर. पण नंबर नसलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही. मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा कारकुनाने हे दोन्ही नियम मला एकाच श्वासात सांगितले आणि पान लावलं. मी विचारलं, मग गाडी आणायची कशी? तो म्हणाला, “ते तुमचं पाहा.” तात्पुरत्या नंबराचा काही कागद निघतो, हे मला पुढे चार वर्षांनी कळलं. तेव्हा त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच पेटलं होतं.

बैल! मोटारीला बैल जुंपून यवतमाळपर्यंत न्यायची. कायद्याची अब्रू रस्त्यावर काढायची.

मिस्त्रीला मी ही कल्पना सांगितली तेव्हा तो हातातला नट पुसत होता. “बैलानं?” एवढंच म्हणाला. मी त्याला अर्धा तास कायदा, जनता आणि लढा समजावून सांगितला. शेवटी त्याने हो म्हटलं, कारण त्याला नंबर पाहिजे होता आणि मी शिकलेला होतो.

बैल आले जवळच्या बंजारा तांड्यावरून. त्या तांड्याच्या नाईकाचे. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून अर्धा मुलूख तुडवला होता. आता तो कापूस-ज्वारी करायचा. जीपचा सांगाडाही त्यानेच दिलेला. जंगलच्या कोण्या ठेकेदाराने तो तिथं टाकून दिला होता आणि तांड्यातल्या कोंबड्या त्यात अंडी घालत. मिस्त्रीने नाईकाचं पाण्याचं इंजिन दुरुस्त करून दिलं, त्याच्या बदल्यात नाईकाने सांगाडा दिला. कागद कसला? कोंबड्यांना हाकलून दिलं, एवढाच व्यवहार.

निघायच्या आदल्या दिवशी मी पत्रक छापून आणलं. लग्नपत्रिकांच्या उरलेल्या गुलाबी कागदावर पाचशे प्रती. त्यातला एक परिच्छेद मला आजही पाठ आहे, विसरता येत नाही म्हणून:

‘नागरिकहो! दिग्रसच्या एका निरक्षर कारागिराने परक्यांच्या भंगारातून स्वदेशी मोटार घडवली! तिच्या अंगावरची जुन्या मालकाची खूण, जुना नंबर, त्याने स्वतःच्या हाताने कानस मारून नामशेष केला आहे! आणि मोटारीचे ऑफिस काय करते? मोटारीला बैल जुंपायला लावते!’

नंबर घासल्याचं मला मिस्त्रीनेच सांगितलं होतं, अभिमानाने. सांगाड्याच्या पुढच्या भागावर जुना नंबर ठोकलेला होता. ती जीप मेली होती. तिचा नंबर नव्या गाडीवर ठेवणं म्हणजे मेलेल्याच्या नावानं जिवंत माणूस उभा करणं, असं त्याचं मत. म्हणून त्याने दोन दिवस बसून तो घासला, रेजमाल कागद मारला, बोट फिरवलं तर कळू नये इतका साफ केला. मला त्यात क्रांती दिसली.

निघालो तेव्हा अर्धं दिग्रस रस्त्यावर होतं. मिस्त्री चाक धरून बसला, बाजूला बुरख्यात त्याची बायको, पुढे दोन खिल्लारी बैल आणि नाईक, मागे मी गुलाबी पत्रकं वाटत. गावाच्या शिवेवर बाई म्हणाली, “थांबवा.”

“काहून?”

“लग्न करून आली तवा बैलगाडीतच आली होती मी. तुम्ही म्हनले, आता मोटारीत नेतो. हे तर पुन्हा बैलगाडीच झाली.” लोक हसले. मीही हसलो. ती उतरली आणि पायी घरी गेली. मिस्त्रीने तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

तीन दिवस लागले. दारव्हा, मग लाडखेड, मग यवतमाळ. सरकारी बसचा कंडक्टर बाजूने जाताना ओरडला, “काय मिस्त्री, टाकीत पेट्रोल भरलं का कडबा?” ही बस रात्रीअपरात्री बंद पडली की दुरुस्तीला मिस्त्रीच जायचा. दारव्ह्याच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा आहे, दोन-तीन मैल एक माणूस दिसत नाही. नाईक मिस्त्रीला तांड्याच्या बोलीत भाऊ म्हणायचा. म्हणाला, “भिया, बैल सोडतो मी. कोन पाह्यते? जाऊन ये त्या आंब्यापर्यंत.”

मिस्त्रीने चावीवर हात ठेवला. मी ते पाहिलं.

“नको मिस्त्री,” मी म्हणालो, “कोणी पाहिलं तर आपला सगळा मुद्दाच जातो.”

त्याने हात काढला. तेवढा एकच मोकळा रस्ता त्या गाडीच्या नशिबी होता, आणि त्यावर मी मुद्दा जपला.

यवतमाळला तपासणीच्या मैदानात साहेब आले. चाळिशीतले, थकलेले, सभ्य. मला त्यांच्यात पत्रकातला साहेब शोधूनही सापडला नाही, आणि याचा मला रागच आला. बैल पाहून ते आधी चिडले, मग त्यांनी इंजिनाभोवती एक सावकाश फेरी मारली. “हे तुम्ही जोडलं?” त्यांनी विचारलं. सांध्यावर नख फिरवून पाहिलं. “जरा उतरा,” म्हणाले. मिस्त्री उतरला. साहेब स्वतः बसले, मैदानात दोन फेऱ्या घेतल्या, ब्रेक दाबून पाहिला. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. तेवढ्या दोन फेऱ्या ती गाडी जिनाच्या आवाराबाहेर चालली. साहेबांच्या हाताने.

मग त्यांनी खिशातून पातळ कागद आणि पेन्सिल काढली. सांगाड्यावरच्या नंबराचा ठसा घ्यायचा असतो. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. साहेब वाकले, घासत राहिले. सगळा कागद काळा झाला. आकडा एकही नाही.

“नंबर कुठे आहे?”

“घासला साहेब,” मिस्त्री सरळ म्हणाला. “मेलेल्या गाडीचा होता. नवीन गाडीवर कायले ठेवावं?”

साहेब उभे राहिले. “मिस्त्री, नंबर कोण घासतं माहीत आहे? चोर घासतात.”

चोरी लपवायला कोणी नंबर घासतं, हे तीस वर्षांत मिस्त्रीच्या मनात आलं नव्हतं. त्याने तर खोटं होऊ नये म्हणून घासला होता.

मी पुढे होऊन सुरू केलं, गरिबाला चोर म्हणण्याचा अधिकार साहेबांना कोणी दिला, वगैरे. साहेबांनी मला हाताने थांबवलं, सांगाडा कुठून आणला ते मिस्त्रीकडून ऐकून घेतलं आणि त्याला बाजूला नेलं. मी गेलोच मागे. हळू आवाजात म्हणाले, “कोंबड्यांत पडला होता ना सांगाडा? गंजला असेल. गंजाने नंबर गेला असं मला लिहिता येतं. पण मूळ गाडीचं काहीतरी पाहिजे. जीपला समोर पितळी पट्टी असते, तिच्यावरही नंबर असतो. ती आणा. आणि घासल्याचं पुन्हा कोणाजवळ बोलू नका.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बोलू नका. त्याच्या आदल्या दिवशी मी लाडखेडच्या पोस्टातून सहा वरिष्ठांना पत्रकाच्या प्रती पाठवल्या होत्या. तेव्हाही मला काही सुचलं नाही. पत्रक ही एक गोष्ट आणि ऑफिसचा कागद ही दुसरी, असं मी धरून चाललो होतो.

गाडी बैलांनीच परत आणली. पट्टीची गोष्ट मिस्त्रीने नाईकाला वाटेतच विचारली. नाईक म्हणाला, “पट्टी? हाये न माह्या घरी. पेच काढून ठेवून घेतली होती.”

“कायले?”

“बैल विकला तरी त्याची घंटी विकत नाई आमी. घंटी घरात ऱ्हायते. आमच्या घरची रीत हाये. तुह्या जीपले घंटी नव्हती, म्हनून पट्टी काढली.”

तांड्यावर गेलो तर खरंच दाराच्या चौकटीला, गेलेल्या बैलांच्या घंट्यांच्या ओळीत, ती पट्टी टांगलेली. इंग्रजी अक्षरं, खाली ठोकलेले आकडे, अगदी स्वच्छ. नाईकाच्या घरच्यांनी दर सणाला तिला हळदकुंकू लावलं होतं. मिस्त्रीने ती डोळ्याजवळ नेली, मग आणखी जवळ, आणि मग माझ्या हातात दिली. “वाच बरं.” तेव्हा मला कळलं की त्याला आकडे दिसत नाहीत. यवतमाळच्या वाटेवर दिसत होते की नाही, हे मी विचारलं नाही.

“विकत देत नाई,” नाईक म्हणाला. “दाखवा अन् परत आना.”

साहेबांनी महिन्याभराने बोलावलं होतं. जुन्या राज्याच्या दप्तरात त्या जीपची काही नोंद असेल तर मागवतो म्हणाले होते; आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला तेव्हा दप्तरं वाटली गेली होती आणि आपली कोणत्या वाट्यात गेली ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तरी त्यांनी पत्र टाकलं. महिन्याचे तीन झाले. मिस्त्री आता वेल्डिंग करत नव्हता. रोज संध्याकाळी गाडी सुरू करून फक्त ऐकायचा. फेऱ्या मारणं त्याने बंद केलं होतं; एकदा फाटकाचा खांब लागला होता. मला म्हणाला, “सरळ रस्त्यावर अजून जमते मले. सकाळच्या उन्हात. लवकर झालं तर.”

बोलावणं आलं तेव्हा आम्ही बसने गेलो. मिस्त्रीने पट्टी धुतल्या रुमालात बांधून घेतली होती. साहेबांनी पट्टी पाहिली, आकडे उतरवून घेतले, आणि मला वाटलं, झालं.

मग त्यांनी फाईल उघडली. वरच माझं गुलाबी पत्रक होतं. वरिष्ठांकडून खाली आलेलं, चार शिक्के बसलेलं. समासात लाल शाईने विचारलं होतं की या प्रकाराचा खुलासा करावा, आणि त्या एका ओळीखाली रेघ होती. साहेबांनी ती ओळ मला वाचून दाखवली. ‘जुना नंबर त्याने स्वतःच्या हाताने कानस मारून नामशेष केला आहे.’

“आता मी गंज कसा लिहू?” त्यांनी मला विचारलं. रागाने नाही. खरोखरच विचारलं. “तुम्ही छापून दिलंय.”

मी म्हणालो की मी दुसरं पत्रक काढतो, खुलाशाचं. साहेबांनी डोळे मिटले.

मिस्त्रीला नीट समजलं नव्हतं. “काय झालं लीडर? काय लिहिलं हाये त्यात?” मी सांगितलं नाही. साहेबांनीच सांगितलं, सोप्या शब्दांत, आणि पुढे म्हणाले, “खरं तर मला पोलिसांत कळवायला पाहिजे. कळवत नाही. पण गाडी उभी दिसली तर उद्या दुसरा कोणी कळवेल. ती खोला. इंजिन म्हणून ठेवा, चाकं म्हणून ठेवा, सीट म्हणून ठेवा. गाडी म्हणून ठेवू नका.”

मिस्त्रीने रुमाल उचलला, पट्टी बांधली. “नाईकाची हाये,” तो म्हणाला. “परत द्या लागते.”

मी पुढेही लढलो. मुंबईला निवेदनं पाठवली, नागपूरला पाठवली. राज्य पुन्हा बदललं तेव्हा नव्याने पाठवली. दोनांची पोच आली. या कायद्यावर मला आजही संताप येतो. ज्याने चोरी केली नाही त्याला चोर ठरवायला कायद्याला तीन महिने पुरले, आणि डोळे जाणाऱ्या माणसाला घाई असते हे लिहायला एकाही फॉर्मात रकाना नाही. पण हेही लिहायला पाहिजे की माझ्या पत्रकातही तो रकाना नव्हता. मिस्त्रीला काय पाहिजे ते त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गाडी त्याने स्वतः खोलली. तोवर उजवाही गेल्यातच जमा होता. हाताने चाचपून नट काढायचा, आणि काढलेला प्रत्येक नट तेलाच्या डब्यात टाकायचा, जणू पुन्हा लागणार आहे. इंजिन एका वाडीवर पाणी उपसायला गेलं. सीटांची कव्हरं त्याच्या बायकोने उसवून घरात नेली. माझ्याशी ती त्यानंतर बोलली नाही, आजही बोलत नाही.

शेवटी उरलेला हिरवा सांगाडा न्यायला नाईक आला, तेच बैल घेऊन. साखळी बांधून झाली. मिस्त्री चाचपत पुढच्या बाजूला आला.

“लीडर, हाये काय तू?”

“आहे.”

“बोट आन तुहं.” त्याने माझं बोट धरून लोखंडावर ठेवलं, जिथे नंबर होता तिथे. “लागते काही?”

“नाही.”

“आजूबाजूले पाह्य.”

मी फिरवून पाहिलं. कुठे खळगा नाही, ओरखडा नाही. सगळं एकसारखं गुळगुळीत.

“चांगलं घासलं होतं न मी?”

“हो मिस्त्री,” मी म्हणालो.

तो तिथेच लोखंडावर तळवा टेकवून उभा राहिला. नाईक बैलांपाशी थांबला होता, घाई करू नये म्हणून दुसरीकडे बघत होता. पण बैलांनी मान हलवली, साखळी वाजली, आणि कोणी ‘हो बाजूला’ म्हणायच्या आधीच मिस्त्रीने हात काढून घेतला.